वर्गात जमलं, घरी का जमेना? एका स्वयंपाकवर्गानंतरचं प्रकरण

प्रकरणातले गृहस्थ पन्नाशीला टेकलेले, पेशाने हिशेबनीस. घरात आई, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध चहा आणि फार तर उकडलेलं अंडं इथवरच. मुलीने त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून एका दिवसाच्या स्वयंपाकवर्गात नाव घालून दिलं. नुसतं बघायचं नाही, प्रत्येकाने स्वतः हाताने करायचं, अशी वर्गाची जाहिरात होती.

वर्गात तीन पदार्थ झाले: तपकिरी कांद्याचं सूप, परतलेले मश्रूम आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या. तिन्ही उत्तम. गृहस्थ इतके खूश, की पुढच्याच रविवारी घरी तोच बेत जाहीर केला. सूप फिकं आणि खारट झालं. मश्रूम राखाडी, वातड आणि स्वतःच्याच पाण्यात पोहत होते. भाज्या भाजण्याऐवजी उकडल्या. आठला जेवायला बसायचं ठरलं होतं, पानं वाढली गेली पावणेदहाला. मुलीने तोवर बिस्किटांचा पुडा संपवला होता. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा तोच बेत केला आणि निकालही तोच लागला.

मी लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच भांड्यांत स्वयंपाक शिकवते. ओळखीतून हे गृहस्थ माझ्याकडे आले ते फाइल घेऊन. वर्गात मिळालेला कृतीचा कागद, वर्गातल्या पदार्थांचे फोटो, घरच्या पदार्थांचे फोटो आणि प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली त्याची नोंद. पहिलंच वाक्य: "मॅडम, मी कृतीतली एक ओळसुद्धा बदललेली नाही."

आणि ते खरं होतं. म्हणूनच हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं. कृती न पाळता पदार्थ बिघडला तर त्यात शोधण्यासारखं काही नसतं. इथे माणूस कागदाशी प्रामाणिक होता, सामान चांगलं होतं, वर्गही फसवा नव्हता. तरी बिघडलं.

ओट्याशी

मी त्यांना सांगितलं, तोच बेत पुन्हा करा, मी नुसती बसते, कशालाही हात लावणार नाही. बायको दारात उभी. आई खुर्चीवर.

सुरुवात पाहून मी चकित झाले. कांदा त्यांनी फार छान चिरला. डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, सुरीचं पातं बोटांच्या पेरांना टेकून सरकतंय, काप एकसारखे. "हे कुठे शिकलात?" तर म्हणाले, वर्गातच. तिथे प्रत्येकाला स्वतःची सुरी, स्वतःचा पाट आणि ढीगभर कांदे दिले होते. शिकवणारा मागून फिरून एकेकाची बोटं नीट करत होता. ही नोंद मी मनात ठेवली, कारण पुढे सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच निघाली.

मग आले मश्रूम. अर्धा किलो मश्रूम चिरून त्यांनी २४ सेंटिमीटरच्या तव्यात एकदम ओतले. तव्यात आधी तेल चांगलं तापलं होतं. पहिल्या क्षणी जोरदार चर्र झालं, गृहस्थांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं. मिनिटाभरात तो आवाज बसला. दुसऱ्या मिनिटाला मश्रूमच्या कडेने पाणी दिसायला लागलं, आणि परतण्याचा आवाज जाऊन शिजण्याचा आला, हलकी बुडबुड. कागदावर लिहिलं होतं, "मोठ्या आचेवर ५ मिनिटं." पाच मिनिटं झाली, गॅस बंद.

"थांबा, बंद का केलात?"

"पाच मिनिटं झाली ना."

तव्यात बोटभर पाणी होतं. मश्रूमच्या वजनात दहात नऊ भाग पाणीच असतं, कांद्याचंही जवळजवळ तसंच. ते पाणी बाहेर येणार हे ठरलेलं आहे, मग मीठ आधी घाला की नंतर. (मीठ आधी घातलं म्हणून मश्रूमला पाणी सुटलं, असं मला कितीतरी जण सांगतात. मीठ पाणी लवकर ओढतं हे खरं, पण न घातलं म्हणून ते आत राहत नाही.) आणि जोवर पदार्थाच्या अंगाला पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. खरपूस रंग आणि वास ज्या रासायनिक क्रियेने येतो तिला माइयार क्रिया म्हणतात. लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. ती जोमाने सुरू व्हायला साधारण १४० अंश लागतात. थोडक्यात, पाणी उडून जाईपर्यंत रंग येणार नाही, मोठी आच ठेवा की शिकवणाऱ्याचं नाव घ्या.

मग वर्गात पाच मिनिटांत रंग आला कसा? तिथे काय काय होतं ते मी त्यांना आठवायला लावलं. फोटोंनी मदत केली. तवा मोठा होता, ३० सेंटिमीटरचा तरी. चौघांच्या गटाला मश्रूम होते पाव किलो. आणि शेगडी व्यावसायिक.

हिशेबनीस माणसाला हिशेबानेच पटतं, म्हणून कागद उलटा करून आम्ही मांडणी केली. पाणी शून्य अंशावरून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ करायला लागते. घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण अडीच किलोवॅटचा, आणि त्यातली निम्मी आच भांड्याच्या बाजूने हवेत जाते. अर्धा किलो मश्रूममधून पाव किलो पाणी उडवायचं तर ढोबळमानाने दहा मिनिटं नुसती वाफ होण्यात जातात. रंगाची वेळ त्यानंतर सुरू. वर्गातली शेगडी सहा किलोवॅटची धरली, गळती थोडी जास्त धरली, मश्रूम निम्मे, तर तेच काम अडीच मिनिटांत होतं. उरलेली अडीच मिनिटं रंगाला. कागदावरची पाच मिनिटं खोटी नव्हती. ती त्या शेगडीची होती.

तव्याचा हिशेब त्यांनी स्वतःच केला. २४ सेंटिमीटरच्या तव्याचं क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर, ३० च्या तव्याचं सुमारे ७०० च्या वर. घरी दुप्पट मश्रूम, त्यात तवा लहान. म्हणजे घरचा थर वर्गातल्या थराच्या तिप्पट दाट. खालच्या मश्रूमची वाफ वरच्यांत अडकायची आणि परत खाली यायची.

अशा वेळी सगळे सांगतात तोच सल्ला म्हणजे दोन-तीन घाण्यांत परता. बरोबर आहे, पण या घरासाठी मला तो पटला नाही. चार माणसांचे मश्रूम तीन घाण्यांत, मंद बर्नरवर, म्हणजे माणूस अर्धा तास तव्याशी बांधलेला, आणि पहिला घाणा गार. मश्रूमचा एक गुण इथे कामाला येतो. त्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि कायटिन उष्णतेला दाद देत नाही. भाजी जास्त शिजली की लगदा होतो, मश्रूम होत नाही. म्हणून उलट वाट धरता येते: सगळे मश्रूम एकदम तव्यात, तेल नाही, थोडं मीठ, वर झाकण. पाणी सुटू द्यायचं, मश्रूम निम्म्याने बसू द्यायचे. मग झाकण काढून सगळं पाणी आटवायचं. आवाजाकडे कान ठेवायचा: बुडबुड थांबून कोरडी चरचर सुरू झाली की आता तेल घालायचं आणि हलवणं थांबवायचं. तोवर मश्रूम आक्रसलेले असतात, त्यामुळे तेलही कमी पितात आणि त्याच लहान तव्यात एका थरात मावतात. वेळ वीसेक मिनिटं लागते, पण त्यातली बारा-पंधरा तुम्ही दुसरं काही करू शकता.

हे त्यांनी त्याच दिवशी करून पाहिलं. चरचर सुरू झाल्यावर त्यांचा हात सारखा उलथन्याकडे जात होता. आईंना राहवलं नाही. "अरे, जरा दम धर, पळून जातायत का ते?" दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग त्यांनी एक मश्रूम उलटला. खाली पिंगट रंग. बायको दारातून आत आली ती तेव्हा.

न पाहिलेली चाळीस मिनिटं

सुपाची गोष्ट जास्त बोलकी आहे.

कागदावर ओळ होती: "कांदा सोनेरी तपकिरी होईपर्यंत परता, १० मिनिटं." दहा मिनिटांत कांदा मऊ होतो, काचेसारखा पारदर्शक होतो. तपकिरी होत नाही, कुठल्याही शेगडीवर नीट होत नाही. मोठ्या आचेवर रेटलं तर कडा जळतात आणि पोट पांढरं राहतं. एक किलो कांदा खऱ्या अर्थाने तपकिरी करायला मध्यम ते मंद आचेवर चाळीस मिनिटं ते तास लागतो, आणि शेवटी भांड्यात जेमतेम पाव किलोभर ऐवज उरतो. छापील कृतींमध्ये ही वेळ कमी लिहिण्याची खोड जुनी आणि जगभरची आहे. खरी वेळ लिहिली तर वाचणारा पान उलटेल, ही भीती असावी.

मी विचारलं, "वर्गात कांदा तपकिरी होताना तुम्ही पाहिलात का?"

ते बराच वेळ आठवत राहिले. त्यांच्या गटात चौघं होते. यांनी कांदा चिरला. दुसऱ्याने भाज्यांचा रस्सा मोजला. तिसरीने कांदा परतला. दहा मिनिटं झाल्यावर मदतनीस आला, त्यांचं भांडं उचलून नेलं आणि आधीपासून तपकिरी करून ठेवलेल्या कांद्याचं भांडं समोर ठेवलं. "आता इथून पुढे जाऊ." दूरचित्रवाणीवरच्या पाककृतीत करतात तसंच. एका दिवसात तीन पदार्थ बसवायचे तर त्यांनाही दुसरा मार्ग नव्हता, हे मी समजू शकते. पण त्यामुळे या गृहस्थांनी पारदर्शक कांदा पाहिला, तपकिरी कांदा पाहिला, मधला कांदा कधीच पाहिला नाही. आणि सगळं शहाणपण त्या मधल्या कांद्यात असतं.

तो मधला टप्पा आम्ही शांतपणे, खुर्च्या ओट्याजवळ ओढून पाहिला. आधी तिखट वास, डोळ्यांत पाणी. मग वास गोडसर होतो, कांदा पडतो, भांड्यात पाणी दिसतं. ते आटतं. यानंतर एक मोठा कंटाळवाणा पट्टा येतो, जिथे काहीच होत नाही असं वाटतं. नवखा माणूस इथेच आच वाढवतो. गृहस्थांचा हातही गेला बटणाकडे, मी मान हलवली. मग भांड्याच्या तळाला पिवळसर, पुढे पिंगट साय धरायला लागते. ती जळण्याच्या आधी चमचाभर पाणी टाकायचं, लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा, ती साय कांद्यात विरघळते आणि सगळा कांदा एका छटेने गडद होतो. पुन्हा साय, पुन्हा पाणी. असं चार-सहा वेळा. सुपाचा रंग आणि चव त्या खरवडण्यातून येते. पहिल्यांदा तळाला रंग धरला तेव्हा ते घाबरले, "लागलं!" म्हणून भांडं उतरवायला निघाले होते. लागलेलं आणि धरलेलं यातला फरक नाकाला कळतो. जळक्याचा वास कडू, टोचणारा. धरलेल्याचा वास भाजक्या गोडीचा. हे कागदावर कितीही लिहा, एकदा नाकाखालून जावंच लागतं.

घाई असेल तर एक किलो कांद्याला पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालता येतो. आम्लता कमी झाली की माइयार क्रिया वेगाने होते. कांद्याचा आकार मोडतो, पण सुपात तो मोडलेलाच हवा असतो. मात्र जास्त पडला तर साबणाची चव येते, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हा मार्ग देत नाही.

एक नियम त्यांनी आपल्या वहीत लाल शाईने लिहून घेतला, तो मी जसाच्या तसा देते: कृतीत रंग आणि मिनिटं दोन्ही दिलेले असतील आणि त्यांचं एकमेकांशी जुळत नसेल, तर रंग खरा धरायचा.

खारटपणा आणि ओव्हन

हे दोन्ही दोष पटकन सापडले. वर्गात जाड, पापुद्र्यांचं मीठ वापरलं होतं. घरी बारीक मीठ. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो, पापुद्र्याच्या हलक्या मिठाचा ३ ग्रॅमच्या आसपास. कागदावर "२ चमचे मीठ". वर्गात ६ ग्रॅम गेलं, घरी १२. पाऊण लिटर सुपाला ६ ग्रॅम बेताचं, १२ म्हणजे कोणीही चमचा खाली ठेवेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी सपाट भरलेल्या चमच्या-कपाचा आग्रह धरला, तेव्हापासून कृती बऱ्याच भरवशाच्या झाल्या. पण मिठाच्या बाबतीत सपाट चमचाही दगा देतो. छोटा वजनकाटा आणावा, हे बरं.

ओव्हनचं असं, की वर्गातला पंख्याचा होता, घरचा साधा. पंख्याच्या ओव्हनसाठी दिलेलं तापमान साध्या ओव्हनला साधारण २० अंशांनी वाढवून घ्यायचं असतं. कागदावर २००, म्हणजे घरी २२० हवं होतं. त्यातून एकाच ट्रेमध्ये भाज्यांची दाटी. भाज्या दोन ट्रेंमध्ये पसरल्या, तापमान वाढवलं. बास.

पावणेदहाचं जेवण

आता ज्या भागासाठी खरं तर मला बोलावलं होतं असं मला वाटतं, तो. गृहस्थ पदार्थांबद्दल विचारत होते. बायकोचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यांनी नवरा हात धुवायला गेल्यावर सांगितलं.

"मॅडम, पदार्थ बिघडला तर बिघडला, खाल्ला आम्ही. पण तो दिवस बघायला हवा होता तुम्ही. ओट्यावर तसूभर जागा नाही. हे घामाघूम. जेवायला बसले ते पाय दुखतात म्हणून, भूक म्हणून नाही. आणि वर मला विचारतात, 'कसं झालंय?' मी काय सांगू? वर्गात भांडी कोण घासत होतं, ते विचारा त्यांना."

विचारलं. मदतनीस घासत होते. चिरलेलं वाटीत मिळत होतं, वापरलेली वाटी हातातून उचलली जात होती. पदार्थ तयार झाल्यावर मांडलेल्या टेबलाशी बसून खायचं होतं. घरी हे सगळं एका माणसावर आलं, आणि त्या माणसाला ते काम आहे हेच माहीत नव्हतं.

घरी चांगलंचुंगलं खायचं ते मजेसाठी. करणारा टेबलाशी बसेपर्यंत गळून गेला असेल तर पदार्थ कितीही साधो, त्या मजेतलं त्याच्या वाट्याला काही येत नाही. शिवाय एक शारीरिक कारणही आहे. गृहस्थांची तक्रार होती, "सगळे खारट म्हणत होते, मला तर कशालाच चव लागेना." तासभर कांद्याच्या वाफेवर उभं राहिलं की नाक त्या वासाला सरावतं आणि तो वास मेंदूपर्यंत पोचवणं कमी करतं. चवीचा मोठा हिस्सा वासाचाच असतो. त्यामुळे ज्याने स्वयंपाक केला त्यालाच त्याचं जेवण सगळ्यात फिकं लागतं. उपाय फुकटचा आहे: वाढण्याआधी दहा मिनिटं स्वयंपाकघराबाहेर, मोकळ्या हवेत जाऊन यायचं.

पण त्या दहा मिनिटांसाठी आधी वेळ सुटायला हवा. म्हणून आम्ही बेत तोच ठेवला, त्याची वेळापत्रकं मोडली. तत्त्व एकच: शेवटच्या अर्ध्या तासात ज्याला करणाऱ्याचे डोळे लागतात असा पदार्थ एकच असावा. सूप आदल्या दिवशी करायचं. कांद्याचं सूप दुसऱ्या दिवशी बिघडत तर नाहीच, उलट मुरतं. मात्र मोठ्या पातेल्यात तसंच रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं २००१ साली प्रसिद्ध केली, त्यांत शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ खोलीच्या तापमानाला ठेवू नका आणि फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवा असं स्पष्ट आहे. खोल पातेलं आतून फार हळू गार होतं. दोन उथळ भांड्यांत ओतलं की लवकर होतं. दुसऱ्या दिवशी वाढण्याआधी चांगली उकळी.

भाज्या ओव्हनमध्ये घातल्या की आपापल्या भाजतात. उरले मश्रूम. त्यांचाही झाकणाखालचा भाग राखणीशिवाय चालतो. म्हणजे नजर लागते ती शेवटची सात-आठ मिनिटं. भांड्यांचं गृहस्थांनी स्वतःच ठरवलं: कांदा धरतोय त्या कंटाळवाण्या पट्ट्यात घासायची. ही कल्पना मला सुचली नव्हती. मी ती आता इतरांनाही सांगते.

काय घरी आलं, काय तिथेच राहिलं

पुढच्या वेळी आठला पाच मिनिटं कमी असताना सूप वाढलं गेलं, असं मुलीने कळवलं. "बाबा बसला होता आमच्याबरोबर, पहिल्यापासून." आईंनी मश्रूम दुसऱ्यांदा मागितले. भाज्यांमधलं गाजर अजून कच्चं राहतं, कारण ते त्याला कांद्याच्याच जाडीचं कापतात. सांगूनही कापतात.

या प्रकरणाचा निकाल कोणी विचारला तर मी सुरीकडे बोट दाखवीन. वर्गातून या माणसाने एकच गोष्ट पूर्णपणे घरी आणली, ती म्हणजे चिरणं. तेवढंच त्याने तिथे अथपासून इतिपर्यंत स्वतः केलं होतं, चुकलं होतं, आणि कोणीतरी त्याची बोटं धरून सुधारलं होतं. बाकी सगळं त्याच्यासमोर झालं, त्याच्या गटाने केलं किंवा मदतनिसाने आधीच करून ठेवलं. "हाताने करा" हे वर्गाने खरंच पाळलं होतं. फक्त चार माणसांच्या आठ हातांनी मिळून एक सूप केलं होतं, आणि घरी परत गेले ते दोन हात.

याचा अर्थ असे वर्ग निकामी, असा मी लावत नाही. चांगला पदार्थ आपल्यासमोर कसा होतो, त्याला नेमका काय वास येतो, कुठली चव गाठायची आहे, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला पुढे शिकवणं कितीतरी सोपं जातं. हे गृहस्थ निराश झाले नाहीत ते तरी कशामुळे? त्यांनी वर्गातलं सूप चाखलेलं होतं. ते शक्य आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रात्यक्षिकाने ध्येय दिसतं, हात तयार होत नाही. पॅरिसमध्ये १८९५ पासून चालत आलेल्या ल कॉर्दों ब्ल्यू पाकशाळेत आधी गुरूचं प्रात्यक्षिक पाहायचं आणि मग तोच पदार्थ प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या ओट्यावर स्वतः करायचा, असा क्रम आहे. एका दिवसाच्या हौशी वर्गाला तितका वेळ नसतो. मग तीनऐवजी एक पदार्थ घ्यावा, असं माझं मत. एकच सूप, पण प्रत्येकाचं भांडं वेगळं, आणि निदान एक शेगडी मुद्दाम घरच्या ताकदीची. माणसं तीन पदार्थांची जाहिरात बघून नाव घालतात, एका पदार्थाची बघून घालत नाहीत, हे वर्ग चालवणाऱ्यांचं उत्तर मला माहीत आहे. त्यात तथ्यही आहे.

गृहस्थांना आता पाव भाजायला शिकायचाय. नवा वर्ग शोधला. नाव घालण्याआधी त्यांनी फोन करून प्रश्न विचारले, हिशेबनिसाच्या शिस्तीत, एकामागून एक. एका ओट्यावर किती जण? कणीक प्रत्येकजण वेगळी मळणार का? ओव्हन पंख्याचा की साधा? मिठाचं माप वजनात देता का? आणि शेवटचा: आमच्यासमोर येणाऱ्यातलं काय काय तुम्ही आधी करून ठेवता?

शेवटच्या प्रश्नाला समोरच्या बाई जरा थबकल्या. मग म्हणाल्या, पीठ फुगायला वेळ लागतो, त्यामुळे फुगलेलं पीठ मदतनीस पहाटेच तयार ठेवतात. यांनी विचारलं, "मी पहाटे आलो तर चालेल का? मध्ये बोलणार नाही, नुसता उभा राहीन." त्या हो म्हणाल्या, पण अ‍ॅप्रन घालून यायचं आणि पीठ चाळून द्यायचं, या अटीवर.